जयवंतीच्या शेजारचं लहान पान

आमच्या भुईगावात बाईच्या पोटात काय आहे ते मशीनच्या आधी लोकांना कळतं. मशीनला निदान वीज लागते, शिकलेला डॉक्टर लागतो. आमच्या लोकांना देवळाच्या पायऱ्या पुरतात, नाहीतर मासळीवालीच्या पाटीभोवतीची पाच मिनिटं. मी उभा जन्म इथल्या शाळेत शिकवण्यात घालवला. या कुजबुजणाऱ्यांपैकी निम्म्यांची बाराखडी माझ्या हाताखाली घटवलेली आहे. तेव्हा त्यांच्यावर चिडायचा हक्क माझा आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही.

जयवंती माझी शेजारीण. तिच्या सासरची वाडी आणि माझी वाडी यांच्यामध्ये मेंदीचं कुंपण, आणि त्या कुंपणात ये-जा करून पडलेली एक वाट. ते हिंदू, आम्ही ख्रिस्ती. नाताळात माझ्याकडचं ताट त्यांच्याकडे जातं आणि सर्वपित्री अमावस्येला मी त्यांच्याकडे जेवते, हे माझ्या सासूच्या काळापासून चालत आलेलं. जयवंती केळव्याची. नव्या सुनेनं सोनचाफ्याच्या झाडावर चढायचं नसतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती आल्याच्या आठवड्यात सरळ चढली. तिची सासू मथुराकाकी खाली उभी राहून बोंब मारत होती आणि ही वरून विचारत होती, किती फुलं तोडू? त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं ते कायमचं.

तिचा नवरा मधू माझा विद्यार्थी. वाडीतली फुलं घेऊन दादरच्या बाजारात जायचा. गोड बोलायचा, अभ्यासात यथातथा. दोन हजार साली तो सुकत सुकत गेला. गावाला कावीळ म्हणून सांगितलं आणि मथुराकाकीलाही तेच सांगितलं. खरं काय ते मुंबईच्या हॉस्पिटलात जयवंतीला एकटीला सांगितलं होतं. मधूला एचआयव्ही होता. मग तिचं रक्त तपासलं, तिलाही निघाला. त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीचं, रेवाचं तपासलं, ती मात्र सुटली होती. मधूला तो कुठून लागला हे मी कधी विचारलं नाही आणि तिनंही उकरलं नाही.

हे सगळं तिनं गावात एका माझ्यापाशी बोलून दाखवलं. त्याआधी मला माझ्याच घरातल्या आल्तारासमोर उभं करून मारियामातेची शपथ घातली. म्हणाली, "टीचर, कळलं तर रेवाला शाळेत कुणी बाकावर बसू देणार नाही. ती चांगली आहे म्हणून ओरडून सांगितलं तरी नाही. आणि आईंचा मधू काविळीनं गेलाय. तो तसाच गेलेला राहू दे."

मी शपथ घेतली. त्या काळात अशा घरांतल्या पोरांचं काय होत होतं ते आम्ही दोघी ऐकून होतो, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

चार वर्षं बरी गेली. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तिला ताप धरला. रोज दुपार कलली की अंग तापायचं, रात्री घामानं उशी भिजायची. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले, पोट मात्र हळूहळू पुढे यायला लागलं. मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना क्षयाचा संशय होता, पण तीनदा थुंकी तपासली, काही निघालं नाही. एक्स-रे काढला, तोही स्वच्छ. खोकला तर तिला नव्हताच. डॉक्टर तरीही ऐकेनात. एचआयव्ही असलेल्या माणसाचा क्षय छातीत दिसेलच असं नाही, तो पोटात दडून बसतो, तिथं शोधायला हवा, असं त्यांचं म्हणणं. मुंबईला सरकारी हॉस्पिटलात एचआयव्हीच्या गोळ्या त्याच वर्षी फुकट मिळायला लागल्या होत्या. आधी क्षय सापडला, त्याच्यावर उपचार सुरू झाले, की मग त्या गोळ्या घेऊन ती पुष्कळ वर्षं जगू शकेल असं ते म्हणाले. मथुराकाकीचा काविळीवरचा विश्वास शाबूत ठेवून रेवाचं लग्न बघता येईल, एवढाच त्याचा अर्थ जयवंतीनं लावला. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्यापाशी वर्षांची भाषा बोललं होतं. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी लिहून दिली.

वसईत सोनोग्राफी होत नव्हती असं नाही. पण वसईत गेलं की गावातलं कुणीतरी भेटणार, म्हणून आम्ही मुद्दाम विरारला गेलो. रिक्षात जयवंती मला म्हणाली, तिथं तर पोरं बघतात, माझ्या पोटात बघून डॉक्टरला झोप येईल. ती असं बोलायची. ताप असला तरी बोलायची.

सेंटरवर पोटुशा बायका रांगेनं बसलेल्या. भिंतीवर ती पाटी, इथे मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही म्हणून. प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली, कारण मूत्राशय भरलेलं लागतं. काउंटरवरच्या मुलीनं जयवंतीकडे, तिच्या पोटाकडे बघितलं आणि मान खाली घालून सगळ्यांना विचारते तेच खणखणीत आवाजात विचारलं, "कितवा महिना?"

जयवंती नुसती हसली. मी चिठ्ठी पुढे सरकवली. आणि मागे वळले तर बाकावर अँजेलिना.

अँजेलिना माझी चुलतबहीण. तिची लेक तिथंच विरारच्या बोळिंजला फ्लॅटमध्ये राहते, तिला सातवा महिना होता, म्हणून आई सोबत आलेली. वसई टाळून आम्ही विरार गाठलं आणि अख्ख्या गावातली नेमकी हीच बाई तिथे पाणी पीत बसलेली. तिनं मला हात केला. मग तिनं जयवंतीच्या कपाळाकडे पाहिलं, जिथं चार वर्षं कुंकू नव्हतं, आणि मग पोटाकडे. त्यानंतर ती माझ्याशी हवापाण्याबद्दल बोलली. अँजेलिना हवापाण्याबद्दल बोलायला लागली की समजावं, गोष्ट तिच्या पदरात पडली.

आतल्या खोलीत डॉक्टर सुजय होते, तरुण, शांत. चिठ्ठी वाचून त्यांनी दार नीट लावून घेतलं. जयवंतीच्या पोटावरून त्यांनी बराच वेळ यंत्र फिरवलं. मग त्यांनी आम्हाला पडदा दाखवला. पोटात पाणी झालं होतं. आतड्यांच्या मागे गाठींचा घोस होता. आणि प्लीहेवर बारीक काळे ठिपके, पानाला कीड लागल्यावर भोकं पडतात तसे. एक्स-रेला जे दिसलं नाही ते इथं दिसतंय, असे गाठी-ठिपके अशा पेशंटमध्ये बहुतेक क्षयाचेच असतात, आता औषधाला थांबायचं नाही, असं त्यांनी समजावलं. जयवंतीनं विचारलं, बरं होईल का? ते म्हणाले, "हे बरं होणारं आहे. म्हणून तर शोधत होतो."

ती टेबलावर पडल्या पडल्या रडली. पोटावरची जेली पुसायचं तिला भान नव्हतं, ती मी पुसली. आजार सापडला म्हणून आनंदानं रडणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

क्षयाच्या गोळ्या तेव्हा दिवसाआड, कुणाच्या तरी समोर गिळायच्या असत. आरोग्य केंद्रातल्या माणसानं विचारलं, गावात जबाबदार कोण? मी निवृत्त शिक्षिका, मलाच नेमलं. जयवंतीच्या नावाचा औषधांचा डबा माझ्या फडताळात आला. एक दिवस सोडून सकाळी ती कुंपणातून यायची, माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची, मी हातावर गोळ्या ठेवायच्या आणि ती गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. ती तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची, चौथीतल्या मुलीसारखी. लघवी लाल होते म्हणून पहिल्यांदा घाबरली. ते या औषधानं होतंच हे मला सांगितलेलं होतं, ते मी तिला सांगितलं. महिनाभरात ताप उतरला. तिला भूक लागायला लागली. माझ्याकडे गोळ्या आणि वर बोंबलाची चटणी-भाकरी, असा आमचा कार्यक्रम.

तोपर्यंत गावात डंका पिटून झाला होता. मधूची विधवा पोटुशी आहे, विरारला जाऊन गुपचूप सोनोग्राफी करून आली, फ्लॉसी टीचर सोबत होती. आणि आता दिवसाआड टीचरकडे जाऊन कसल्या गोळ्या खाते. एकेक गोष्ट खरी होती, हाच त्यातला कहर.

मी अँजेलिनाचं घर गाठलं. तिला चार शब्द सुनावले आणि स्वच्छ सांगितलं की जयवंतीला पोटाचा टीबी आहे. एवढं सांगायला जयवंतीनं मला मोकळीक दिली होती. अँजेलिना माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत राहिली. मग म्हणाली, "टीबी छातीत असतो, फ्लॉसी. पोटात पोर असतं."

आता हिला काय शिकवायचं? टीबी म्हणजे खोकला, टीबी म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी म्हणजे पोर, हे अख्ख्या गावाला पाठ होतं. खरं सांगितलं तर ते थाप वाटत होतं. ते पटवायचं तर पुढचं वाक्य बोलावं लागलं असतं, की टीबी असा पोटात कुणाच्या दडतो. आणि त्या वाक्यावर माझी शपथ होती.

जयवंतीचा थोरला दीर प्रल्हाद माझ्या ओट्यावर येऊन बसला तेव्हाही असंच झालं. प्रल्हाद वाईट माणूस नाही. भावाच्या मागे त्यानं रेवाला पोटच्या पोरीसारखी वाढवली. त्याला मी टीबीचं सांगितलं. तो म्हणाला, त्याचा बाप टीबीनंच गेला, शेवटी रक्ताच्या गुळण्या टाकत होता, तस्त त्यानं स्वतः धुतलंय, तेव्हा टीबी कसा असतो ते मी त्याला सांगू नये. मग म्हणाला, ठीक आहे, मी डॉक्टरला भेटतो, त्याच्या तोंडून ऐकतो. खरं असेल तर पाया पडून माफी मागेन. खोटं असेल तर ती केळव्याला जाईल आणि पोरगी इथं राहील.

हे मी जयवंतीला सांगितलं. ती गोळ्या हातात धरून बसून राहिली. डॉक्टर त्याला पहिल्याच वाक्यात सगळं समजावणार, हे तिलाही कळत होतं, मलाही. मी म्हटलं, सांगून टाक. प्रल्हाद रेवाला टाकणार नाही. ती म्हणाली, भाऊजी टाकणार नाहीत, पण त्यांची पोरं तिच्या ताटात जेवतील? जाऊबाई तिला विहिरीवर जाऊ देतील? गावाला कळायला किती वेळ लागतो ते आत्ता बघतोच आहोत. आणि आईंचं काय? आई रोज मधूच्या फोटोला हार घालतात.

"मला काय म्हणायचं ते म्हणू दे," ती म्हणाली. "माझ्यापाशी थांबेल ते. रेवापर्यंत जाणार नाही."

तिनं भाऊजींना डॉक्टरकडे नेलं नाही. प्रल्हादनं त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं. पण तिला केळव्याला कुणी धाडलं नाही. मला नवल वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, हायसंही वाटलं. मथुराकाकीनं मध्ये पडून सगळं सावरलं असणार असं मी धरून चालले. ते खरंच निघालं. कसं सावरलं ते मात्र उशिरा कळलं.

पावसाळा सुरू झाला होता. जयवंती तरतरीत दिसायला लागली होती, पोट बरंच उतरलं होतं. मग एकदा सकाळी ती गोळ्यांसाठी आली आणि स्टुलावर बसली, खिडकीचा उजेड तोंडावर पडला, तर डोळे हळदीसारखे पिवळे. मी हातातल्या गोळ्या परत डब्यात टाकल्या. या औषधांनी कधी कधी लिव्हरला त्रास होतो, पिवळं काही दिसलं तर लगेच थांबवायचं, हे मला बजावून सांगितलेलं होतं. तिला विचारलं, आणखी काही घेतेस का? ती म्हणाली, आई सकाळी काढा देतात.

कसला काढा?

मथुराकाकीनं हायवेपलीकडच्या कुणा बाईकडून मुळ्या आणल्या होत्या. चुलीवर उकळून रोज पहाटे कपभर, घरात कुणी उठायच्या आत, स्वतःच्या हातानं पाजत होती. घरातली गोष्ट घरातच मिटवायची, सून घालवायची नाही, असं तिनं प्रल्हादला सांगितलं होतं. पोट उतरलं, मोरीत लालसर पाणी दिसलं, तेव्हा म्हातारीनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, सुटलीस बाय. तरी अंगात काही राहू नये म्हणून काढा चालूच ठेवला.

मी तिच्यावर ओरडले. वर्गात ओरडायचे त्याहून मोठ्यानं. तुला कळत होतं तो काढा कशाचा आहे? मग तू प्यायलीस कशी?

"कळत होतं," ती म्हणाली. "नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं, टीचर. आई मला घालवत नव्हत्या, ठेवून घेत होत्या. त्यांनी मला पोटाशी धरलं. मी काय करणार होते?"

रिक्षा बोलावून मी तिला तशीच हॉस्पिटलात नेली. लिव्हर पार गेलं होतं. गोळ्यांनी की काढ्यानं की दोन्हींनी, ते डॉक्टरांना ठामपणे सांगता येईना. काढ्याचं मी त्यांना सांगितलं, शपथ फक्त एचआयव्हीची होती. ते एवढंच म्हणाले, क्षयावर औषध छान लागू पडत होतं. गाठी लहान झाल्या असणार. हे ऐकून मला जो संताप आला तो कुणावर काढावा ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिच्यावर? म्हातारीवर? त्या काउंटरवरच्या पोरीवर, जी बिचारी रोज सगळ्यांना तेच विचारते?

शेवटी शेवटी ती गुंगीत होती. शुद्धीत असताना तिनं फक्त एकदा माझा हात दाबला आणि म्हणाली, "काविळीनंच गेले म्हणा. आता खोटंही नाही." मग हसल्यासारखं केलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती गेली. गावानं कावीळ ऐकली आणि डोळे मिचकावले. औषधांचा डबा मी आरोग्य केंद्रात परत केला, निम्म्याहून जास्त भरलेला.

त्यानंतर वर्षभर मी कुंपणातली वाट वापरली नाही. रेवा यायची, तिच्याशी बोलायचे, गणितं करून घ्यायचे. पण मथुराकाकीचं तोंड बघवत नव्हतं मला. तिनं त्या वर्षी मेलेल्यांच्या सणाला आमच्या कबरींसाठी नेहमीसारखी झेंडूची टोपली पाठवली, ती मी कबरींवर ठेवली, पण निरोप दिला नाही. तिला वाटलं असेल, सुनेच्या करणीची मला लाज वाटते.

पुढच्या वर्षी सर्वपित्रीला रेवा बोलवायला आली. आईचं पान पहिल्यांदाच वाढणार आहोत, तुम्ही आलंच पाहिजे, आजीनं सांगितलंय. दहा वर्षांची पोर, आईसारखेच डोळे. नाही कसं म्हणणार? गेले.

माजघरात केळीची पानं मांडली होती. आजेसासऱ्यांचं, सासऱ्यांचं, मधूचं, आणि शेवटी जयवंतीचं. तिला आवडायचे ते भोपळ्याचे वडे तिच्या पानावर जास्त होते. आणि तिच्या पानाला चिकटून आणखी एक पान होतं, वीतभर, केळीच्या कोवळ्या टोकाचं. त्यावर मीठ नाही, भाजी नाही, तिखट काही नाही. नुसता एक मऊ भाताचा मुटका.

रेवानं विचारलं, हे कुणाचं? मथुराकाकी म्हणाली, एका पाहुण्याचं. मग तिला पाण्याचा तांब्या आणायला धाडलं आणि माझ्याजवळ सरकली. वर्षभरात ती अगदी वाळून गेली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "फ्लॉसी, मना ठाव हाय तू का येत नाय ती. तिचं नाव मी राखलं गो. कोणापाशी बोललें नाय. पण त्या पोराचा काय दोष होता? रोज सपनात येतं. मीच घालवलं त्याला."

बोलता बोलता ती जयवंतीच्या पानावरचे वडे हातानं नीट लावत होती. त्याच हातांनी तिनं काढा उकळला होता.

माझ्या तोंडात शब्द तयार होते. काकी, तिथं पोर नव्हतंच. पाणी होतं, गाठी होत्या, आणि त्या बऱ्या होत होत्या. एवढं बोलले असते तर म्हातारीच्या स्वप्नातलं पोर गेलं असतं. आणि त्याच्या जागी जयवंती आली असती, काही गुन्हा नसलेली, हातात काढ्याचा कप धरलेली. मग काकीनं विचारलं असतं, असा टीबी पोटात का झाला तिला? आणि मागोमाग मधू आला असता. समोर त्याच्या फोटोला ताजा हार होता.

रेवा तांब्या घेऊन दारात आली. पानांकडे बघत उभी राहिली.

मथुराकाकीनं खिरीचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. म्हणाली, "तू तिच्यासंगती होतीस. त्या लहान पानावर तू वाढ."

मी पळी घेतली. खीर पातळ होती, वीतभर पानावरून ओघळेल म्हणून भाताला बोटानं खळगा केला, आणि त्यात वाढली.